ग्रीस मारून रोलर जगत नाही

वाचकाचं पत्र:

«आमच्याकडे २० टनी पोकलेन आहे. दोन वर्षांपूर्वी जुनं घेतलं, तेव्हा मीटरवर ८ हजार तास होते. विहिरी, शेततळी आणि उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायची कामं करतो. सध्या पावसामुळे मशीन घरासमोर उभं आहे. डाव्या बाजूच्या खालच्या तीन रोलरमधून तेल गळतं, त्यातला एक तर फिरतच नाही. चालताना चेन कटकट वाजते. गावातला मेस्त्री म्हणतो, रोलरच्या एक्सलला भोक पाडून निपल बसवू, रोज ग्रीस मारत जा. पुतण्या ऑपरेटर आहे, तो रोज संध्याकाळी चेनवर जळकं ऑइल ओततो. शोरूमवाले म्हणतात पूर्ण अंडरकॅरेज, म्हणजे चेन-रोलरसकट खालचं सगळं, बदला, खर्च लाखांत आहे. थोरले बंधू म्हणतात विकून मोकळे व्हा. आम्ही चुलते-पुतणे मिळून घरच्या घरी यातलं काय करू शकतो? एक्सलला ग्रीसिंग नेमकं कुठून करायचं?
– एक वाचक, जि. जालना»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ग्रीसिंग कुठूनच करायचं नाही.

तुमच्या मशीनला ट्रॅक्टरसारखा आरपार एक्सल नसतो. खालच्या प्रत्येक रोलरच्या पोटात एक जाड शाफ्ट असतो. तो दोन्ही टोकांना कॉलरमध्ये अडकवून फ्रेमला बोल्टांनी आवळलेला असतो, म्हणजे शाफ्ट जागचा हलत नाही. त्याच्याभोवती रोलरचं बाहेरचं लोखंड फिरतं आणि दोघांच्या मध्ये बुश, म्हणजे धातूची नळी, असतो. या बुशाला लागतं तेल, ग्रीस नव्हे. तेही कारखान्यात एकदाच भरतात, पाव लिटरच्या आतबाहेर, आणि शाफ्टच्या टोकाला प्लग ठोकून कायमचं बंद करतात. रोलर जितका काळ टिकेल तितका काळ तेच तेल, हा त्यामागचा हिशेब. आयडलर, म्हणजे चेनच्या पुढच्या टोकाचं मोकळं चाक, आणि वरचे टॉप रोलर यांचंही असंच.

ते तेल आत राहतं ते दोन्ही टोकांच्या फ्लोटिंग सीलमुळे. सील म्हणजे ओतीव लोखंडाच्या दोन कड्या, एकमेकींवर घासत फिरणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या पाठीमागे रबराची जाड रिंग. ही रबरी रिंग स्प्रिंगसारखी दाबून कड्यांना एकमेकींवर टेकवून ठेवते. तुमच्या रोलरमधून तेल गळतंय याचा अर्थ या कड्यांचं नातं तुटलंय. तेल बाहेर येतं त्याच वाटेने चिखलाचं पाणी आत जातं, आणि रोलर मरतो तो या आत गेलेल्या पाण्याने.

आता मेस्त्रींच्या निपलकडे येऊ. त्यांना मूर्खात काढू नका. फार जुन्या डोझरांच्या रोलरना खरोखर ग्रीसचे निपल असायचे आणि रोज पंप मारावा लागायचा. त्या मशीनवर शिकलेल्या माणसाच्या हाताखाली जो तयार झाला, त्याला हा उपाय सुचणारच. पण तुमच्या रोलरची रचना वेगळी आहे. हाताने मारायचा साधा ग्रीसपंपसुद्धा काहीशे बारचा दाब देतो. फ्लोटिंग सील आतून एवढा दाब सोसायला केलेलंच नाही. चार दांडे मारले की ग्रीस सीलमधून बाहेर दिसतं, माणूस खूश होतो की भरलं. प्रत्यक्षात रबरी रिंग आपल्या जागेवरून सरकलेली असते आणि जे सील थोडंफार काम करत होतं तेही गेलेलं असतं. शिवाय तेल वाहत वाहत बुशाच्या सगळ्या अंगाला लागतं, ग्रीस जिथे ढकललं तिथेच बसून राहतं. त्यात बारीक माती मिसळली की बुश खाणारा मसाला तयार.

आणखी एक गोष्ट मेस्त्रींना जरा ठासून सांगा. निपल बसवायला, किंवा गळती बंद करायला म्हणून, बंद रोलरवर वेल्डिंग किंवा गॅस कटर अजिबात चालवायचा नाही. आत उरलेलं तेल तापून त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि रोलर फुटतो.

पुतण्याच्या जळक्या ऑइलबद्दलही हेच सांगेन. मुलगा मशीनची काळजी घेतोय हे चांगलं लक्षण आहे, फक्त काळजी चुकीच्या जागी चालली आहे. पोकलेनच्या चेनला वंगण लागतं ते पिन आणि बुशाच्या मध्ये. तिथे कारखान्यातच ग्रीस भरून सील लावलेलं असतं. वरून ओतलेला थेंब तिथवर पोचत नाही. तो बाहेरच्या कड्यांवर बसतो, मुरमाची भुकटी धरून ठेवतो आणि रोलर, कडी, स्प्रॉकेटचे (चेन ओढणाऱ्या मागच्या चाकाचे) दात सगळं घासत राहतो. वर ते ऑइल तुम्ही ज्यांच्या विहिरी खणता त्यांच्याच रानात मुरतं. संध्याकाळी चेनला हवं ते पाणी. साचलेली माती पहारीने आणि फावड्याने काढायची, शक्य असेल तर पाइपने धुवायची. काळी माती ओली आहे तोवर निघते, रात्रभर वाळली की स्प्रॉकेटच्या दातांत आणि टॉप रोलरभोवती विटेसारखी बसते. सकाळी मशीन हललं की चेन त्या मातीवर चढते, ताणली जाते आणि टॉप रोलर फिरायचा थांबतो. तुमच्या भागातल्या निम्म्या कटकटीचं मूळ इथे सापडेल.

पुतण्याला ग्रीसपंप हातात घ्यायची हौस असेल तर जागा आहेतच की. बूम, आर्म आणि बकेटच्या पिनांना रोज, तेही बाहेर स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. पाण्यात किंवा गाळात काम केलं तर दिवसातून दोनदा. स्विंगच्या, म्हणजे वरचा भाग ज्यावर फिरतो त्या, गोल बेअरिंगला मशीनच्या माहितीपुस्तकात दिलेल्या तासांवर.

आता खालच्या बाजूला जे एकच निपल दिसतं त्याबद्दल. बहुधा त्यालाच तुम्ही एक्सलचं ग्रीसिंग समजत असाल. फ्रेमच्या बाजूला एक झाकण असतं, ते उघडलं की आत निपल असलेला व्हॉल्व्ह दिसतो. तिथे ग्रीस मारायचं, पण ते वंगणासाठी नाही. त्या ग्रीसने सिलिंडर पुढे सरकतो, सिलिंडर आयडलरला ढकलतो आणि चेन ताणली जाते. आयडलरच्या मागे प्रचंड ताकदीची रीकॉइल स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि चेनवरचा प्रत्येक धक्का या ग्रीसवर येतो. म्हणजे त्या छोट्याशा व्हॉल्व्हच्या मागे केवढा दाब थांबलेला असतो याची कल्पना करा. चेन ढिली करताना व्हॉल्व्ह जास्त सोडला आणि तो गोळीसारखा सुटून माणसाला लागला, असे जीवघेणे अपघात झालेले आहेत. ग्रीसची बारीक धारसुद्धा कातडीतून आत घुसते. जखम सुईने टोचल्याएवढी दिसते म्हणून कुणी घरी थांबू नये, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जावं.

चेन ढिली कशी करायची ते म्हणून नीट सांगतो. व्हॉल्व्हच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, वाकून आत बघायचं तर नाहीच. बाजूला उभं राहून, लांब पाना लावून, निपल नव्हे तर त्याच्या खालचा मोठा षटकोनी व्हॉल्व्ह हळूहळू सोडायचा. एक फेरा ही मर्यादा. एवढ्यात ग्रीस बाहेर यायला लागतं. नाही आलं तर आणखी सोडायचं नाही. पुतण्याला मशीन थोडं मागे-पुढे करायला सांगा, त्या वेळी तुम्ही दूर. तरीही नाही आलं तर पाना ठेवून द्या आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. रीकॉइल स्प्रिंगचं बंडल घरी उघडायचं नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगो. ते काम प्रेसवरचं आहे.

ताण किती असावा हे पुस्तकात असतं. तुमच्याकडे पुस्तक नसेल, जुन्या मशीनसोबत ते क्वचितच येतं. तर केबिनखालच्या पाटीवरून खरा मॉडेल नंबर उतरवून घ्या आणि त्याचं ऑपरेटरचं पुस्तक मिळवा. पोकलेन हे नाव एका फ्रेंच कंपनीचं, आपल्याकडे सगळ्याच मशीनना चिकटलं, तेव्हा ‘पोकलेनचा ताण किती’ असं विचारून कुणी नेमकं सांगू शकणार नाही. अंदाजासाठी सांगतो: एक बाजू उचलून धरली की खालची चेन झोळीसारखी लोंबते, तेव्हा फ्रेमच्या खालच्या कडेपासून मधल्या शू-प्लेटच्या (चेनवरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्टीच्या) वरच्या अंगापर्यंतचं अंतर बऱ्याच २० टनी मशीनमध्ये ३०० ते ३४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात. काही कंपन्या मशीन जमिनीवर असतानाच वरच्या बाजूला, टॉप रोलर आणि आयडलरच्या मध्ये, सरळ पट्टी ठेवून झोळ मोजायला सांगतात, त्याचा आकडा अर्थातच खूप लहान. दोन पद्धतींची सरमिसळ करू नका. गाळात आणि ओल्या काळ्या मातीत मर्यादेच्या ढिल्या बाजूला ठेवा, कारण माती भरली की चेन आपोआप ताणते. मुरूम-खडकावर जरा ताठ चालेल. घट्ट चेन दिसायला छान दिसते म्हणून ताणून ठेवणारे ऑपरेटर पुष्कळ आहेत. ते बुश, स्प्रॉकेट, आयडलर आणि डिझेल चारही गोष्टी एकदम जाळतात.

हे झालं की मग खरं निदान. पावसाची उघडीप मिळाली की मशीन धुऊन अंगणात किंवा रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि थांबवल्याबरोबर प्रत्येक रोलरचं तापमान घ्या. लांबून मोजायचं थर्मामीटर आता सहज मिळतं. नसेल तर तळहात लावू नका, हाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्या. सगळे सारखे कोमट असतील आणि एखादाच चटका देत असेल तर त्यातलं तेल संपलंय. जो फिरत नाही तो गारही असेल, पण त्याचं तोंड एका अंगाने चपटं झालेलं दिसेल, कारण चेनची कडी त्याच्यावरून नुसती घसरते आहे. हा रोलर आजच काढा. चपटा रोलर स्वतः तर गेलाच, आता तो चेनच्या कड्या खातोय, आणि चेन रोलरपेक्षा कितीतरी महाग.

त्याच वेळी चेन मोजून घ्या. तुमच्या वजनाच्या बहुतेक मशीनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर नवीन असताना १९० मिलिमीटर असतं. चेन ताणलेली असताना चार कड्यांचं अंतर पिनच्या एकाच बाजूने मोजा, मास्टर पिन (जिथे चेनची दोन टोकं जोडतात ती) सोडून. नवीन चेनला ७६० च्या आसपास भरेल. ते १२ ते १५ मिलिमीटरने वाढलं असेल तर आतले पिन-बुश झिजलेत आणि चेन अखेरच्या टप्प्यात आहे. तीन-चार ठिकाणी मोजा, डावी-उजवी दोन्ही. कटकट कुठून येते तेही यातून कळेल: लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दाताच्या खाचेत न बसता त्याच्या अंगावर चढते आणि खाली पडते, त्याचा तो आवाज. दातांची टोकं भाल्यासारखी निमुळती झाली असतील तर शंकाच नको. मीटरवरच्या ८ हजार तासांवर मात्र फार विसंबू नका. मीटर बदलता येतं, लोखंडाची झीज बदलता येत नाही.

आणि शोरूमवाल्यांच्या ‘पूर्ण बदला’ला उत्तरही याच आकड्यांत आहे. चेन आणि स्प्रॉकेट जोडीने बदलतात, कारण नवी चेन जुन्या दातांवर घातली तर दात तिला आपल्या मापाचं करून टाकतात. रोलरचं तसं नाही. चेनमध्ये अर्ध्याहून जास्त जीव शिल्लक असेल तर गळके रोलर बदला आणि चालवा. चेन संपतच आली असेल तर फक्त फिरत नसलेला रोलर बदलून हा हंगाम काढा आणि पुढच्या पावसाळ्यात चेन-स्प्रॉकेटचा खर्च धरा. सगळं एकदम बदलण्याचा सल्ला मला तरी पटत नाही, निदान मापं बघितल्याशिवाय नाही. आकडे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा, बोलण्याचा सूर बदलतो.

रोलर बदलणं हे काम तुम्ही दोघं घरी करू शकता. जागा मात्र पक्की हवी. पावसात भिजलेल्या अंगणातल्या मातीत २० टनांचं मशीन उचलायचं नाही. मुरूम दाबून बसवलेली, सपाट, कोरडी जागा बघा. चेन वर सांगितल्याप्रमाणे ढिली करा. मशीन जमिनीवर असतानाच रोलरचे बोल्ट आधी फक्त सैल करून घ्या, काढू नका. गंजलेल्या बोल्टला लावलेला जोर उचललेल्या मशीनला हलवतो, म्हणून हा क्रम. बोल्टच्या डोक्याभोवतीची माती खरवडून काढा, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि पाना रिंगचा किंवा बॉक्सचाच घ्या. उघड्या तोंडाच्या पान्याने डोकं गोल झालं की कामाचे दोन दिवस गेले.

मग बूम काटकोनात बाजूला वळवा, बूम आणि आर्ममध्ये काटकोनापेक्षा जरा जास्त कोन ठेवा, बकेटची गोल पाठ जमिनीला टेकवून हळू दाबा. ती बाजू उचलली जाते. आणि लगेच फ्रेमखाली लाकडी स्लीपरची चौकट रचायची, आडवे-उभे, दोन जागी. विटा नाहीत, दगड नाहीत, सिमेंटचे ब्लॉक तर मुळीच नाहीत, ते न सांगता फुटतात. मशीनचं वजन स्लीपरवर टेकवा, इंजिन बंद, चावी तुमच्या खिशात. बूमच्या भरवशावर उभ्या मशीनखाली हात घालायचा नाही. एक होज फुटला की बूम बसते, आणि होज फुटायची वेळ सांगून येत नाही. केबिनमध्ये पोरंबाळं चढत असतील तर त्या दिवशी दार लावून ठेवा.

बोल्ट काढले की रोलर चेनवर बसतो. वजन तीस-चाळीस किलो, हाताने सरळ उचलायला जाऊ नका. चेनवर फळी सरकवून त्यावरून बाहेर लोळवा. बसवताना फ्रेमची टेकणारी जागा ब्रशने आणि डिझेलने स्वच्छ करा. तिथे मातीचा खडा राहिला तर बोल्ट आठवड्याभरात सैल होतात. बोल्ट शक्यतो नवीन, लॉकिंग द्रव लावून, आणि टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याला आवळलेले. टॉर्क पाना नसेल तर तालुक्याच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी आणा. मशीन दिवसभर चाललं की संध्याकाळी पुन्हा एकदा बोल्ट तपासा.

फिरणारे पण गळणारे जे दोन आहेत, ते उघडून दुरुस्त होतात का, हा मात्र विचार करण्यासारखा प्रश्न आहे. रोलर बाहेर काढल्यावर हाताने फिरवून बघा. चांगला रोलर जरासा जड पण एकसारखा फिरतो. सायकलच्या चाकासारखा भिरभिरला तर सील दाबाने टेकलेलं नाही. अडत अडत फिरला, किंवा पहारीने वर-खाली केल्यावर स्पष्ट खेळ जाणवला, तर बुश गेला. प्लग काढून उरलेलं तेल एका पांढऱ्या वाटीत घ्या. काळपट तेल असेल तर आशा आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तेलात पितळी चमक दिसली तर तो बुशाचा चुरा आहे, मग उघडण्याची मेहनत वाया घालवू नका, नवीन घ्या.

तेल ठीक असेल तर रोलर लेथवाल्याकडे न्या. शाफ्ट काढायला प्रेस लागतो. घरी घणाने ठोकलं तर कडक पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते, आणि शाफ्टचं टोक फुलतं ते वेगळंच. उघडल्यावर सीलच्या कड्या उन्हात धरून बघा. घासणाऱ्या तोंडावर एक चकचकीत रेघ दिसेल, गोल, बारीक. नव्या कडीला ही रेघ बाहेरच्या कडेला दोऱ्याएवढी असते. जसजशी झीज होते तसतशी ती रुंद होत आत सरकते. रेघ आतल्या कडेला पोचली असेल किंवा तिला आडवा ओरखडा असेल तर कडी संपली. रेघ चांगली असली तरी माझं मत आहे की एकदा उघडलं की सीलचा पूर्ण सेट नवीनच घालावा, आणि दोन्ही कड्या एकाच जोडीतल्या. एक जुनी, एक नवी अशी संसाराची जुळवाजुळव इथे चालत नाही.

सील बसवताना बहुतेक मेस्त्री एक गोष्ट उलटी करतात. रबरी रिंगला तेल किंवा ग्रीस चोपडतात, सहज बसावी म्हणून. रबरी रिंग आणि ती जिथे बसते ती जागा, दोन्ही स्वच्छ आणि कोरडी ठण्ण हवी. रिंगेने आपल्या जागेला घट्ट धरलं तरच ती कडीला फिरू न देता दाबते. तेल लागलं की ती घसरते, पिळवटते आणि तिथूनच गळती सुरू. तेल लावायचं ते फक्त लोखंडी कड्यांच्या घासणाऱ्या तोंडांवर, स्वच्छ बोटाने, पातळसं. कापडाचा एक धागा त्या दोन तोंडांत राहिला तरी सील गळतं, म्हणून चिंध्या वापरू नका. धुळीच्या अंगणातही हे काम नको, घरातल्या एका खोलीत धुतलेल्या टेबलावर करा. बंद केल्यावर तेल भरण्याआधी प्लगच्या भोकातून हवा भरून बघायची, साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि दहा सेकंद काटा खाली येतो का पाहायचं. टिकला तर पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं तेल दिलेल्या मापाने भरा. गच्च भरू नका, तापल्यावर फुगायला जागा लागते.

आता फायनल ड्राइव्ह. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. मागच्या बाजूला स्प्रॉकेटच्या आत जो गिअरचा डबा असतो त्यात गिअर ऑइल असतं, आणि घरी करता येण्यासारखं वंगणाचं सगळ्यात मोलाचं काम हे आहे. बऱ्याच मशीनमध्ये २ हजार तासांनी ते बदलायला सांगतात. जुनं मशीन घेतलं तेव्हा बदललं होतं का? नसेल तर या पावसाळ्यात बदलाच. मशीन पुढे-मागे करून एक प्लग अगदी खाली येईल असं थांबवा. वरचा प्लग आधी, अगदी हळू सोडा, आत दाब साठलेला असतो. तोंड बाजूला. मग खालचा. तेल गरम असताना काढलं तर गाळ सोबत येतो, फक्त भाजणार नाही इतपत निवू द्या. प्लगला चुंबक असेल आणि त्यावर करडी, लोण्यासारखी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. नखाला टोचतील असे तुकडे असतील तर मशीन चालवू नका. तेल दुधाळ निघालं तर तिथलंही फ्लोटिंग सील गेलंय. आणि तेल पातळ होऊन पातळी वाढलेली सापडली तर मोटरच्या सीलमधून हायड्रॉलिक तेल आत येतंय. हे शेवटचं दिसायला फायद्याचं वाटतं, तेल आपोआप भरतंय म्हणून, पण लवकरच तो डबाच बाहेर काढावा लागतो. निघालेलं तेल डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या. पुतण्याच्या हाती ते पुन्हा चेनवर जाता कामा नये.

मराठवाड्यात जलयुक्त शिवार आणि त्यानंतर २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’च्या कामांत अशी पुष्कळ मशीनं तलावांच्या पोटात राबली. तुमचंही त्यातलं असू शकतं. तलावातला गाळ हाताला मऊ लागतो पण सीलच्या दृष्टीने खडकापेक्षा वाईट, कारण तो पाण्यासोबत सगळीकडे शिरतो. गाळात काम असेल त्या हंगामात आठवड्याला एकदा तरी रोलर आणि फायनल ड्राइव्हची कड बोटाने पुसून बघा. ओलसर तेलकट डाग दिसला त्याच आठवड्यात सील बदललं तर रोलर वाचतो. तुमच्या त्या न फिरणाऱ्या रोलरने असे डाग बरेच दिवस दाखवले असणार.

पुतण्याला चार गोष्टी चालवण्याच्या सांगा. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना स्प्रॉकेट मागे राहील असं चालायचं. उलटं लांबवर चाललं की चेनचा जास्त भाग ताणाखाली राहतो आणि बुश-दात लवकर जातात. एकाच बाजूला सारखं वळायचं नाही. जागेवर गरकन फिरवायचं नाही, मोठ्या वळणाने घ्यायचं. गावाबाहेर काही किलोमीटर जायचं असेल तर ट्रेलर करा. ट्रेलरचं भाडं वाचवायला मशीन डांबरी रस्त्यावरून तासन् तास चालवलं की रोलर तापून तेच सील जातं, ज्याचं आपण एवढं बोललो. जावंच लागलं तर मध्ये मध्ये थांबून रोलर निवू द्यायचे.

थोरल्या बंधूंच्या म्हणण्याचं काय? चेन अर्ध्याच्या आत झिजलेली, फायनल ड्राइव्हचं तेल स्वच्छ, आणि फक्त रोलर खराब असं निघालं तर विकू नका. गळके रोलर बघून गिऱ्हाईक भाव इतका पाडतं की त्या पैशात तुमचे तिन्ही रोलर होऊन वर उरतील. फायनल ड्राइव्हमध्ये लोखंडाचे तुकडे निघाले आणि चेनही संपलेली असली, तर मात्र बंधूंचं ऐका. तेव्हा विकताना जे सापडलं ते घेणाऱ्याला सांगून विका, पुढचा माणूसही बहुधा तुमच्यासारखाच कर्ज काढून घेणारा असेल.

खरेदीला निघण्याआधी रोलरची रुंदी, बोल्टांच्या भोकांमधलं अंतर आणि शाफ्टची जाडी मोजून, जुन्या रोलरवर कोरलेला नंबर फोटो काढून सोबत न्या. एकाच मॉडेलच्या दोन मालिकांत ही मापं वेगळी निघतात आणि दुकानदार ‘बसतंय हो’ म्हणून देतो. आणि मेस्त्रींना काम द्याच, बोल्ट सोडवायला त्यांच्याइतका हात दुसऱ्या कुणाचा चालणार नाही. ड्रिल मशीन तेवढं त्यांनी घरी ठेवून यावं.